न घडलेल्या खुनाची बातमी

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या क्राउन हाइट्स या वस्तीत २०१० च्या सुमारास ‘सेव्ह अवर स्ट्रीट्स’ नावाचा एक उपक्रम सुरू झाला. तिथल्या कार्यकर्त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा एक फलक लावला. वस्तीतल्या शेवटच्या गोळीबाराला किती दिवस झाले, एवढाच आकडा त्यावर असे. दिवस शांततेत गेला की आकडा एकाने वाढायचा. गोळी सुटली की पुन्हा शून्यापासून मोजणी.

बातम्यांचं सगळं जग घडलेल्या गोष्टींवर चालतं. खून झाला तर बातमी होते. तो टळला तर पोलीस ठाण्यातही त्याची नोंद होत नाही. कोण मरणार होतं, कुणाच्या हातून मरणार होतं आणि कुणी घातलेल्या समजुतीमुळे तो हात खाली आला, हे कुठेच लिहिलं जात नाही. क्राउन हाइट्सच्या त्या फलकाने मात्र न घडलेल्या गोष्टीची बातमी रोजच्या रोज दिली. मला हे फार विलक्षण वाटतं, आणि यामागे किती विचार आहे हे कळलं की ते आणखीच विलक्षण वाटू लागतं.

अमेरिकेतल्या शहरांत वस्ती-पातळीवरची हिंसा रोखणाऱ्या अनेक स्वयंसेवी संस्था काम करतात. त्यांतल्या मोठ्या संस्थांमध्ये संवादप्रमुखाचं स्वतंत्र पद असतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस प्रेसनोट काढणार, वेबसाइट सांभाळणार, देणगीदारांसाठी वार्षिक अहवाल छापून घेणार. ही कामं त्याला असतातच. पण या संस्थांत शब्द हाच उपचार आहे. तो उपचार कधी, किती आणि कुणाच्या तोंडून द्यायचा, हे ठरवण्यात संवादप्रमुखाचा मोठा वाटा असतो.

साथीचा नकाशा

या विचाराच्या मुळाशी एक साथरोगतज्ज्ञ आहे. डॉ. गॅरी स्लटकिन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत क्षयरोगावर काम केलं, सोमालियातल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलऱ्याशी सामना केला आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेतर्फे युगांडासारख्या देशांत एड्स रोखण्याच्या कामात भाग घेतला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ते मायदेशी परतले, तेव्हा शिकागोत तरुण मुलं एकमेकांना गोळ्या घालत होती. स्लटकिन यांनी या घटनांचे नकाशे आणि आलेख पाहिले आणि त्यांना ओळखीची आकृती दिसली. काही जागी दाट पुंजके, त्यांच्या कडेने उमटत गेलेले नवे ठिपके, एका लाटेमागून दुसरी लाट. बांगलादेशातल्या कॉलऱ्याचा नकाशाही त्यांना असाच दिसला होता.

साथीत पुढे कोण आजारी पडेल, याचा अंदाज आधी कोण आजारी होतं आणि त्याच्या सहवासात कोण आलं, यावरून बांधता येतो. हिंसेचंही तसंच दिसलं. ज्याने मार खाल्ला, ज्याच्या डोळ्यांदेखत भाऊ किंवा मित्र मारला गेला, तो पुढे मारणारा किंवा मरणारा होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त. मग साथ थांबवतात तशी हिंसा थांबवता येईल का, असा प्रश्न स्लटकिन यांनी विचारला.

साथ थांबते कशी, हे त्यांनी युगांडात पाहिलं होतं. एड्सवर तेव्हा ना लस होती, ना परिणामकारक औषध. होती ती फक्त बोलण्याची ताकद. जोडीदाराशी एकनिष्ठ राहा, हा सल्ला तिथे गुराख्यांच्या भाषेत दिला गेला : खुंट्याला बांधलेलं जनावर दोरी पोहोचेल तेवढंच चरतं, तसं आपल्या घरापुरतं राहा. हे रेडिओवरून सांगितलं गेलं, चर्चमध्ये आणि गावसभांत सांगितलं गेलं, आणि राष्ट्राध्यक्षांपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी उघडपणे सांगितलं. तिथल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १५ टक्के होतं. २००१ पर्यंत ते सुमारे ५ टक्क्यांवर आलं. यामागे अनेक कारणं होती, पण लोकांनी वागणं बदललं हे त्यांतलं एक मोठं कारण मानलं जातं.

हेच सूत्र घेऊन २००० साली शिकागोच्या वेस्ट गारफिल्ड पार्क या वस्तीत ‘सीझफायर’ सुरू झालं. पहिल्याच वर्षात तिथले गोळीबार ६७ टक्क्यांनी घटल्याची नोंद प्रकल्पाने केली. पुढे या संस्थेचं नाव ‘क्युअर व्हायोलन्स’ झालं, आणि तिची पद्धत अमेरिकेतल्या इतर शहरांत आणि अमेरिकेबाहेरही गेली.

बोलणारा कोण, गप्प राहणारा कोण

२००४ पासून या कामात एक नवं पद आलं, हिंसा अडवणाऱ्या मध्यस्थाचं. हे मध्यस्थ बहुतेक त्याच वस्तीत वाढलेले. अनेक जण स्वतः टोळीत होते, तुरुंगात राहून आले होते. कुठे पैशांवरून वाद पेटलाय, कुणाचा अपमान झालाय, कोण बंदूक शोधत फिरतोय, हे त्यांच्या कानावर आधी येतं. ते त्या मुलाला गाडीत बसवतात, जेवायला नेतात, त्याच्या आईला किंवा आजीला भेटतात, रात्र काढतात. त्या एका रात्रीत राग उतरला, तर बऱ्याचदा एक जीव वाचतो. स्टीव्ह जेम्स आणि अॅलेक्स कोटलोविट्झ यांचा ‘द इंटरप्टर्स’ हा २०११ चा माहितीपट याच माणसांवर आहे. त्यातल्या अमीना मॅथ्यूज तावातावाने भांडणाऱ्या मुलांमध्ये निर्धास्त शिरतात. त्यांना ऐकून घेतलं जातं, कारण त्या कुठून आल्या आहेत हे समोरच्याला माहीत असतं.

संवादशास्त्राचा पहिला धडा इथेच आहे. तोच संदेश महापौराने दिला तर भाषण ठरतो, पोलिसाने दिला तर धमकी ठरतो आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसाने दिला तर अनुभव ठरतो. म्हणून चांगला संवादप्रमुख स्वतः माइकसमोर फारसा दिसत नाही. बोलणारी माणसं शोधणं, त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं राहायला तयार करणं, आणि त्यांचं बोलणं शहरी अहवालांच्या गुळगुळीत भाषेत हरवू न देणं, हे त्याचं काम.

आणि त्याहून अवघड काम म्हणजे गप्प राहणं. देणगीदारांना जी गोष्ट सगळ्यांत जास्त ऐकायची असते, ‘काल रात्री आमच्या माणसाने एक खून थांबवला’, तीच बहुतेक वेळा सांगता येत नाही. सांगितली तर दोन्ही टोळ्यांना कळतं कुणाबद्दल बोललं जातंय. जो मागे हटला तो भित्रा ठरतो आणि उद्या पुन्हा बंदूक उचलतो. ज्या मध्यस्थाने हे केलं, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असा बोभाटा होतो आणि पुढच्या वेळी त्याचा फोन कुणी उचलत नाही. पोलिसांचा खबऱ्या असा शिक्का बसला, तर त्याच्या जिवावरच बेततं. म्हणूनच हे मध्यस्थ कानावर आलेली माहिती पोलिसांना पुरवत नाहीत, आणि संस्थेच्या फोटोंत, पत्रकांत कोण कुणाशेजारी उभं आहे इथपर्यंत काळजी घ्यावी लागते. संस्थेचं सगळ्यांत मोठं यश असं छापण्याजोगं नसतं, आणि तरीही जगाला या कामावर विश्वास ठेवायला लावायचा असतो. क्राउन हाइट्सच्या फलकाचं मोल इथे कळतं. त्यावर कुणाचंच नाव नाही. कुणाचीही गुप्तता न मोडता तो संपूर्ण वस्तीला सांगतो की शांतता टिकून आहे.

दुःख आणि सूड यांमधले दोन दिवस

गोळीबार होतो तेव्हा काय? क्युअर व्हायोलन्सच्या पद्धतीत प्रत्येक गोळीबारानंतर ७२ तासांच्या आत त्याच जागी वस्ती जमते. आया, पाद्री, दुकानदार, शाळेतली पोरं, हातात फलक आणि भोंगा. मेलेल्याचा पूर्वेतिहास तिथे कुणी काढत नाही, मारणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. सांगायचं एवढंच असतं की हे आम्हाला मान्य नाही.

यात वेळेला इतकं महत्त्व का, याचं एक उत्तर समाजमाध्यमांच्या अभ्यासातून मिळालं. समाजकार्याचे अभ्यासक डेस्मंड पॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोतल्या टोळ्यांशी संबंधित तरुणांच्या ट्विटर नोंदी वाचल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एक क्रम दिसला. आधी शोक येतो : मित्र गेला, झोप येत नाही, देवा असं का केलंस. आणि साधारण दोन दिवसांच्या आत त्याच शोकातून धमकीची भाषा उमटू लागते. ज्याला आपण सूड म्हणून ओळखतो, त्याची पहिली ओळ रडण्याची असते.

हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. दोन दिवस ही फार मोठी संधी आहे. त्या मुलाला त्या वेळात कुणी शोक करू दिला, त्याच्या शेजारी बसलं, आणि रस्त्यावर त्याच्या मित्रासाठी पन्नास माणसं मेणबत्त्या घेऊन उभी राहिली, तर त्याच्या दुःखाला जायला दुसरी वाट मिळते. म्हणूनच घटनेच्या रात्री संवादप्रमुखाचा फोन आधी वस्तीतल्या माणसांना जातो : घरच्यांना कळलं का, त्यांना काय हवं आहे, कुठे भडका उडण्याची भीती आहे. पत्रकारांसाठी निवेदन नंतर, आणि घरच्यांना विचारून.

पोस्टर नेमकं कुणाशी बोलतं?

सीझफायरचं एक गाजलेलं पोस्टर आहे. एका लहान मुलाचा चेहरा आणि मजकूर असा : ‘गोळी झाडू नका, मला मोठं व्हायचंय.’ बंदूक घेऊन निघालेला माणूस पोस्टर वाचून घरी परत जाईल का? तसं होत नाही, हे पोस्टर करणाऱ्यांनाही ठाऊक असतं. मग ते दुकानादुकानांत कशाला लावायचं?

याचं सगळ्यांत सुंदर उत्तर मला रवांडात सापडतं. १९९४ मध्ये तिथे सुमारे शंभर दिवसांत काही लाख लोक मारले गेले, बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजाचे. द्वेष पसरवण्यात ‘आरटीएलएम’ या रेडिओ केंद्राचा हात होता. दहा वर्षांनी, २००४ मध्ये, त्याच देशात रेडिओवरच ‘मुसेकेवेया’ ही मालिका सुरू झाली. दोन शेजारची काल्पनिक गावं, त्यांतलं वैर आणि ते ओलांडू पाहणारी माणसं अशी तिची गोष्ट. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लेव्ही पॅलक यांनी तिच्यावर वर्षभराचा प्रयोग केला. काही गटांनी ही मालिका ऐकली, काहींनी आरोग्यावरची दुसरी मालिका. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला.

मालिका ऐकून लोकांची वैयक्तिक मतं फारशी बदलली नव्हती. पण ‘आपल्याकडची माणसं काय योग्य मानतात’ याविषयीची त्यांची समजूत बदलली होती आणि वागणंही बदललं होतं. प्रयोगाच्या शेवटी प्रत्येक गटाला एक टेपरेकॉर्डर आणि कॅसेट्स भेट दिल्या आणि त्या कशा वापरायच्या ते तुम्हीच ठरवा असं सांगितलं. आरोग्याची मालिका ऐकणारे गट बहुधा ती वस्तू गावातल्या अधिकाऱ्याच्या हवाली करून मोकळे होत. ‘मुसेकेवेया’ ऐकणाऱ्या गटांत मात्र चर्चा झडे, कुणी उघडपणे असहमती दाखवी, आणि शेवटी वस्तू सगळ्यांनी मिळून सांभाळायची असं ठरे. मनातलं मत जवळपास तेच राहून वागणं बदलतं, कारण माणूस स्वतःच्या मताइतकाच, कधी त्याहून जास्त, भोवतालच्यांच्या अपेक्षेने वागतो.

हे समजलं की पोस्टरचा खरा वाचक कोण ते कळतं. न्हावी, किराणा दुकानदार, थांब्यावर उभी असलेली आजी, हे सगळे मनातून हिंसेला कंटाळलेले असतात. प्रत्येकाला वाटत असतं की असं वाटणारे आपण एकटेच. दुकानातलं पोस्टर, चौकातली सभा, दिवस मोजणारा फलक यांमुळे त्यांना एकमेकांची मतं दिसतात. आणि सूड घ्यायला निघालेल्या मुलाला हे जाणवतं की गोळी झाडून आपण इथे मर्द ठरणार नाही.

आकडेही या बाजूने बोलतात. १९९० च्या दशकात बॉस्टनमध्ये झालेल्या अभ्यासात टोळ्यांतली मुलं शहरातल्या तरुणांच्या एक टक्क्याहून कमी निघाली. तरुणांच्या खुनांपैकी किमान ६० टक्के मात्र त्यांच्या वर्तुळातले होते. म्हणजे सगळ्यांत बदनाम वस्तीतसुद्धा जवळजवळ सगळी माणसं कुणावर हात उगारत नाहीत. ‘ही वस्तीच तशी’ असं म्हणणारी बातमी खोटी तर असतेच, शिवाय हिंसा हा इथला रिवाज आहे असं ती तिथल्या मुलांना शिकवते. राज्यशास्त्रज्ञ शांतो अय्यंगार यांनी १९९१ च्या पुस्तकात दाखवलं की सुट्या घटनेची बातमी पाहिली की प्रेक्षक व्यक्तीला दोष देतो, आणि घटनेमागची परिस्थिती दाखवली की समाज आणि सरकारच्या जबाबदारीचा विचार करू लागतो. म्हणून वार्ताहराने ‘काय घडलं’ विचारलं की संवादप्रमुख ‘हे का घडतं आणि कशाने थांबतं’ हेही त्याच्या हाती देतो.

खरं बोलण्याची कसोटी

या पद्धतीचा परिणाम होतो का? न्यूयॉर्कच्या जॉन जे कॉलेजने २०१७ मध्ये केलेल्या मूल्यमापनात, असं काम चालणाऱ्या ईस्ट न्यूयॉर्क भागात बंदुकीने जखमी होण्याचं प्रमाण ५० टक्क्यांनी आणि साउथ ब्रॉन्क्समध्ये ३७ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. तुलनेसाठी निवडलेल्या भागांत ही घट अनुक्रमे ५ आणि २९ टक्के होती. उलट पिट्सबर्गमध्ये अशाच धर्तीच्या कार्यक्रमाने खून घटले नाहीत, आणि काही भागांत हल्ले वाढलेले आढळले.

२०१५ मध्ये इलिनॉय राज्याचा निधी थांबला आणि शिकागोतली बरीच केंद्रं बंद पडली. २०१५ मध्ये त्या शहरात पाचशेच्या आसपास खून झाले होते. २०१६ मध्ये ते साडेसातशेच्या वर गेले. ‘बघा, आमचा पैसा तोडलात आणि माणसं मेली’ असं छापून टाकण्याचा मोह इथे किती मोठा असेल! पण वाढीची कारणं अनेक होती आणि अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. ज्या कामाचं सगळं भांडवल विश्वास आहे, त्याने एकही आकडा ताणता कामा नये. पिट्सबर्गचं अपयशही सांगणाऱ्या संस्थेच्याच न्यूयॉर्कच्या यशावर लोक विश्वास ठेवतात.

भिवंडीने हे आधीच करून दाखवलं होतं

बंदूकधारी टोळ्या आणि धार्मिक दंगल या वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्या थांबवणारी यंत्रणा आश्चर्य वाटावं इतकी सारखी आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक मोहल्ल्यातली दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांसह नियमित एकत्र बसू लागली. अफवा उठली की ती खरी की खोटी हे विचारायला समोरच्या समाजातला ओळखीचा माणूस आता होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत सुमारे ९०० माणसं मारली गेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांच्या २००२ च्या संशोधनग्रंथात भिवंडीचं हे उदाहरण आहे. मुंबईतही १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली.

उलट बाजूही आपण पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही व्हॉट्सअॅपवरची अफवा त्यामागे होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अफवा पोहोचली होती. तिला खोटं ठरवणारा विश्वासाचा माणूस पोहोचला नव्हता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हिंसा रोखणाऱ्या संस्थेत संवादाचं काम वरखर्चात धरणं ही चूक आहे. देणगी देणाऱ्यांनी या कामासाठी वेगळा पैसा द्यावा, आणि वार्ताहरांनी टळलेल्या दंगलीलाही जागा द्यावी. तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गणेशोत्सव, मोहरम, ईद अशा सणांपूर्वी शांतता समितीची बैठक होते. बहुतेक ठिकाणी तिथे ठरलेले तेच ते चेहरे असतात. पुढच्या बैठकीला तुम्ही जा, आणि समोरच्या मोहल्ल्यातल्या एका माणसाचा फोन नंबर घेऊन या.